तिला फक्त रंग आवडला

शुक्रवार, ४ मार्च
जॉन्सटाउन

डेनी,

माणूस आपल्या सख्ख्या बहिणीशी खोटं बोलायचं नेमकं कधी ठरवतो? घरून निघतानाच, की बोलता बोलता, समोर संधी दिसली म्हणून? आज संध्याकाळपासून मी हा प्रश्न घेऊन बसले आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तुला येत असेल. म्हणून लिहिते आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तू हसतोस. तू हसलास की मीही हसते आणि विषय तिथेच संपतो. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

तुझा मेसेज मिळाला. 'मार्टू, तुझी काळी गिटार पाठवून दे ना. माझ्या गिटारची मान तडकली. तू तशीही वाजवत नाहीस.' शेवटचं वाक्य खरं आहे. नोव्हेंबरपासून मी तिला हात लावलेला नाही. आणि खरं सांगायचं तर तुझा मेसेज वाचून मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, माझ्याकडे ती नुसती भिंतीला टेकून असते, नॅशव्हिलमध्ये निदान वाजेल तरी. मी मोठा खोका आणला, तारा सैल केल्या (लांब पाठवताना सैल करायच्या, हे तूच शिकवलंस), मानेखाली जुना टॉवेल घातला. आईने तुझ्यासाठी खसखशीचा रोल दिला होता, तो कोपऱ्यात बसवला. चिकटपट्टी लावायची तेवढी राहिली होती.

आज अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारचं मासळीचं जेवण होतं. माझी पाळी पिरोहीच्या करंज्या वाढण्यावर होती. रांगेत रस्टी दिसला. तुझा ड्रमर परत आलाय, हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. बारीक झालाय. ताट पुढे करत म्हणाला, "काय प्रोफेसर, वाजवतेस की नाही अजून?"

"नाही रे. माझ्या हातात ताल नाही."

"कुणी सांगितलं?"

"डेनीने."

तो हसला, आणि मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी त्याच्या ताटात पिरोही वाढत होते, कांदा घालत होते. झारा डाव्या हातात.

"थांब. तू डावखुरी आहेस?"

"जन्मापासून. का?"

"अगं, मग ती काळी गिटार तर उजवी आहे."

"डेनी म्हणाला, सगळे उजवीच शिकतात."

रस्टीने रांगेतून बाजूला होऊन ताट काउंटरवर ठेवलं. मागचे लोक पुढे सरकले. तो म्हणाला, "हे बघ, मला वाटलं होतं तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे. ती घेऊन दुकानातून आलात ना, त्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, 'मंडळी, दौऱ्यासाठी जादाची गिटार आली, दणदणीत अ‍ॅम्प आला. बहिणीला कंटाळा येईपर्यंत कळ काढायची, बस.' आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?"

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "मार्टा, कोबी संपला!" मी कोबी आणायला थंड खोलीत गेले आणि तिथेच उभी राहिले. बाहेर येऊन बघते तर रस्टी निघून गेला होता. ताट तसंच होतं. त्याने पिरोहीला हातसुद्धा लावला नव्हता.

रस्टी तुझ्यावर चिडलेला असेल. चिडलेला माणूस वाढवून सांगतो, हे मला कळतं. म्हणून तुलाच विचारते. खोका दाराशी आहे. तारा सैल आहेत. तू 'असं काही नाही' म्हणालास तर मी उद्या सकाळी पोस्टात जाईन.

मार्टा


रविवार, १३ मार्च

डेनी,

तुझं उत्तर आलं. 'रस्टी पितो. बँडमधून काढला म्हणून गरळ ओकतोय. खोका पाठव, पंचवीसला मोठा कार्यक्रम आहे.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. रस्टी पितो, हे आहे. त्याला काढलं, हेही आहे. पंचवीस तारीख आहे. पण 'असं काही नाही' हे तीन शब्द कुठेच नाहीत. ते लिहायला फार जागा लागली नसती.

म्हणून काल मी वार्गोंच्या वाद्यांच्या दुकानात गेले. पण त्याआधी मला गिटार घेतली तो दिवस माझ्या बाजूने लिहून काढायचा आहे. तुझ्या बाजूने तो मी इतक्या वेळा ऐकलाय की माझी बाजू हरवल्यासारखी झाली आहे.

पदवीच्या पार्टीतली पैशांची पाकिटं अजून पर्समध्येच होती. आई म्हणत होती, गाडी घे. मावशी म्हणत होती, मुलाखतीला चांगला कोट घे. मी म्हटलं, मला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. सगळे हसले. तू हसला नाहीस. तू उठून किल्ल्या घेतल्यास. त्या क्षणी मला तू जगातला सगळ्यात चांगला माणूस वाटला होतास. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

दुकानात शिरल्यावर मला लाज वाटू लागली. तिथे चार-पाच जण बसले होते, प्रत्येक जण काही ना काही वाजवत होता. मला वाजवता येत नव्हतं. ज्याला येत नाही त्याने गिटार निवडायची कशी? तू म्हणालास, "तू नुसती ऐक. वाजवतो मी." मला हायसं वाटलं. तू एकामागून एक वाजवून दाखवलीस आणि मी मान डोलवत राहिले. डेनी, माझी चूक तिथे झाली. मी गिटार निवडलीच नाही. मी तुझं वाजवणं निवडलं. तुझ्या हातात गोड वाजली ती माझी, असं ठरलं.

फक्त एकदाच मी स्वतःहून एक उचलली होती. खिडकीजवळ, उंचावर टांगलेली. फिकट हिरवी, समुद्राच्या काचेसारखी. स्टुलावर चढून काढली. मांडीवर घेतली तर तिची मान उजवीकडे गेली आणि माझा डावा हात आपोआप तारांवर आला. मी काहीच वाजवलं नाही. नुसती धरून बसले. कुणी दार उघडून 'ये, बस' म्हणावं, तसं वाटलं.

तू म्हणालास, "ती ठेव खाली. डावखुरी आहे ती."

मी म्हटलं, "मीही आहे की."

"अगं, वेडी आहेस का? डावखुरी गिटार म्हणजे आयुष्यभर एकटी. कुणाकडे गेलीस, चार जण वाजवत बसलेत, तर तुला कुणाची उचलता येणार नाही. निवडायला दुकानात एक सापडेल, फार तर दोन. दोन्ही हातांना नवीनच शिकायचंय ना? मग उजवं शिकलीस काय नि डावं काय. सवय होते."

हे सगळं खोटं नाही. मी नंतर वाचलं, पुष्कळ लोक मनापासून हेच सांगतात. म्हणून तर मला इतके महिने काही कळलं नाही.

मग आईचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा काळी गिटार काउंटरवर होती आणि शेजारी तो अ‍ॅम्प. आपल्या घरच्या जुन्या शेगडीएवढा. मी म्हटलं, "एवढा मोठा?" तू म्हणालास, "छोटा अ‍ॅम्प म्हणजे खेळणं. महिन्याभरात टाकून देशील." वार्गोही म्हणाले, "हा आयुष्यभर पुरेल." दोघांनी मिळून तो जिन्यावरून माझ्या खोलीत चढवलात. त्याचं बटण एकच्या पुढे गेलं की खालच्या मिसेस पेट्रो झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. पावसाच्या दिवसांत त्याच्यावर मी मोजे वाळवले. मग तू म्हणालास, असल्या अ‍ॅम्पचा खरा आवाज मोठ्यानेच फुटतो, गॅरेजमध्ये ठेवू, तू तिथे ये वाजवायला. मी दोनदा आले. दोन्ही वेळा तुमची तालीम चालू होती.

आणि आता तो तुझ्याबरोबर नॅशव्हिलला आहे.

तर, काल. मी वार्गोंना विचारलं, "ती हिरवी आहे का अजून?"

"कोणती?"

"खिडकीजवळची. डावखुरी."

"गेली की. एका आजोबांनी नातीसाठी नेली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू साबोलांची ना? डेनीची बहीण. तुला फार आवडली होती ती."

"मग मला दिली का नाहीत?"

"मी विचारलं होतं, पोरी. तू फोनवर बाहेर होतीस. मी डेनीला म्हटलं, ही डावखुरी दिसते, कशी धरली बघ. तो म्हणाला, 'नाही हो, तिला फक्त रंग आवडला.'"

मी काउंटरवर वाकून विचारलं,

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

वार्गोंनी तारांची पाकिटं उगाच सारखी केली. "तो भाऊ आहे तुझा. मला काय ठाऊक? आणि खरं सांगू? तो थोरला अ‍ॅम्प वर्षानुवर्षं इथे धूळ खात होता. घेणारा माणूस दारात आला की दुकानदार जास्त बोलत नाही."

या माणसाचा मला राग यायला हवा. पण त्याने निदान खरं सांगितलं, आणि तेही दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर.

तिला फक्त रंग आवडला. तू माझ्या चमच्याला धक्का लागू नये म्हणून जेवताना माझ्या डाव्या बाजूला कधी बसत नाहीस, डेनी. मी पहिलीत असताना डाव्या हातासाठीची कात्री तूच शोधून आणली होतीस. तुला माहीत नव्हतं, असं मी म्हणू तरी कशी?

खोका मी उघडला आहे. खसखशीचा रोल शाळेत माझ्या वर्गातल्या मुलांना वाटून टाकला.

मार्टा


ईस्टरचा सोमवार, १८ एप्रिल

डेनी,

मला लिहायचं नव्हतं. पण तू आईला फोन केलास, आणि आता हे आपल्या दोघांतलं राहिलेलं नाही.

काल जेवण झाल्यावर आईने हॅम झाकून ठेवलं, हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. पप्पा नेहमीप्रमाणे टीव्हीकडे बघत होते, आवाज मात्र बारीक केलेला. म्हणजे ऐकत होते.

"मार्टा, त्या मुलाला गिटार का देत नाहीस?"

"कारण ती माझी आहे."

"तुला येते का वाजवायला?"

"नाही."

"मग?"

मी सगळं सांगितलं. रस्टी, वार्गो, हिरवी गिटार. आई ऐकत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, डेनीने असं करायला नको होतं. मला तेवढंच हवं होतं. ती म्हणाली, "अगं, असेल केलं. त्याला गरज होती. तुझ्याकडे डिग्री आहे, बाई. भिंतीवर लावलीस, सगळी गल्ली बघून गेली. त्याच्याकडे काय आहे? एवढी एकच संधी आहे त्याच्याकडे. तुझं तर झालं ना मिळून?"

डेनी, तुझ्या वागण्यापेक्षा हे मला जास्त लागलं, हे कबूल करते. कॉलेजात होते तेव्हा मला वाटायचं, मी पुढे जाते आहे ती सगळ्यांसाठीच. घरातली पहिली. एक दार उघडलं की मागून सगळे येतील, अशी माझी भोळी समजूत. काल कळलं की या घरात प्रत्येकाला एकच गोष्ट मिळते, आणि माझी मला मिळून गेली आहे. याउपर मी काही मागितलं तर ती हाव.

आणि मग तुझा मेसेज. 'चार वर्षं दर रविवारी बर्फातून तुला होस्टेलवर सोडलं. तुझी डिग्री माझ्या पेट्रोलवर झाली. आणि एक गिटार मागितली तर वकिलासारखी साक्षीदार गोळा करतेस.'

तू मला सोडलंस, हे खरं आहे. गाडीतला हीटर बिघडला होता तेव्हा तू मला तुझे हातमोजे दिलेस, तेही मी विसरले नाही. ते विसरता आलं असतं तर ही पत्रं लिहावी लागली नसती. नुसती चिडले असते आणि मोकळी झाले असते.

तू मला सरळ विचारलं असतंस तर मी दिली असती. त्याच दिवशी, दुकानातच. 'मार्टू, मला दौऱ्यासाठी एक जादाची गिटार हवी आहे, माझ्याकडे पैसे नाहीत.' मी पाकिटं उघडली असती आणि वर तुझे आभार मानले असते, की तू मला विचारलंस. पण तू मला विचारलं नाहीस. तू मला शिकू दिलंस.

ते शिकणं कसं होतं, तुला माहीत नाही. रोज शाळेतून येऊन मी मिसेस पेट्रो झोपायच्या आत अर्धा तास बसायचे. अ‍ॅम्प बंद. उजव्या हाताने खाली, वर, खाली. आपल्या आजोबांच्या, डेडोच्या, वॉल्ट्झला तीनच सूर लागतात. डाव्या हाताची बोटं तारांवर बसायला लागली होती, पण उजवा हात वाट चुकायचा. एक-दोन-तीन, एक-दोन आणि मग काहीच नाही. दिवसभर शाळेत मी मुलांना सांगत होते की जमत नाही असं काही नसतं, अजून जमलेलं नसतं. आणि घरी येऊन स्वतःला सांगायचे, तुला नाही जमणार.

मी एकदा तुला विचारलंही होतं. आठवतं? "डेनी, हे डाव्या-उजव्यामुळे तर नसेल?" तू म्हणालास, "बहाणे नको गं."

मग डेडोचा ऐंशीवा वाढदिवस. फायर हॉल भरलेला, कुकीजचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत. डेडोने अकॉर्डियन उचललं आणि मला वर बोलावलं. त्याने सुरुवात केली, मी चुकले. तो हळू झाला, माझ्यासाठी थांबला, मी पुन्हा चुकले. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे प्रेमाने बघत होत्या. ते सगळ्यात वाईट. आणि तू हसत वर आलास, माझ्या गळ्यातला पट्टा काढलास, स्वतःच्या गळ्यात घातलास आणि वॉल्ट्झ पूर्ण केलास. टाळ्या थांबेनात. आई रडत होती.

पट्टा तुला बरोबर बसला, डेनी. एक छिद्रही पुढे-मागे करावं लागलं नाही. माझ्या गळ्यात ती गिटार नेहमी फार खाली लोंबायची, मला वाटायचं मीच बुटकी. 'दोन दिवसांसाठी' नेऊन परत आणायचास, तेव्हा तो पट्टा तुझ्या मापाचा होऊन यायचा. मला तो वर घ्यायचंही सुचलं नाही.

नंतर बाहेर व्हॅनपाशी तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "काहींच्या हातात तालच नसतो गं. मनाला लावून घेऊ नकोस. तू पुस्तकातली माणूस." आणि मी तुला थँक यू म्हटलं.

थँक यू म्हटलं मी. हे लिहिताना आताही माझे कान तापतात.

आज सकाळी मी डेडोकडे गेले. जाताना गिटार घेऊन गेले, का ते माहीत नाही. त्याने दारातच माझ्या डोक्यावर पेलाभर पाणी ओतलं, ईस्टरच्या सोमवारची रीत म्हणून. इतकं हसला की त्याला खोकला आला. मग गिटार बघून म्हणाला, "काय गं मार्तुश्का, परत भांडायला आणलीस हिला?"

मी म्हटलं, "डेडो, मला ताल आहे का?"

"हा काय प्रश्न झाला? चार वर्षांची होतीस तेव्हा माझ्या वॉल्ट्झला पातेल्याच्या झाकणावर लाकडी चमचा बडवायचीस. तुझी आजी कानात बोटं घालायची. एक ठोका चुकला नाही कधी."

"कोणत्या हाताने बडवायचे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, गिटारकडे बघितलं. मग त्याने ती माझ्या मांडीवरून उचलली, उलटी केली आणि परत ठेवली. मान उजवीकडे. सगळी बटणं वर आली, माझ्या कोपराला टोचायला लागली. जाड तार खाली, बारीक वर, सगळं उफराटं.

"बोटं नको बसवू कुठे. उजव्या हाताने तारा नुसत्या झाक, आणि डाव्याने चमचा धर. म्हणजे, चमचा आहे असं समज."

त्याने अकॉर्डियन घेतलं. मी झाकलेल्या तारांवर हात मारत राहिले. टक-चक-चक, टक-चक-चक. सूर एकही नाही, नुसता ठोका. वॉल्ट्झ संपला. त्याने न थांबता दुसऱ्यांदा घेतला, मुद्दाम वेगात. मी त्याच्या बरोबरीने शेवटाला पोचले. डेनी, मी मोजत नव्हते. मला मोजावं लागलंच नाही.

डेडोने भाता बंद केला. तुला माहीतच आहे, शाळेत नन त्याचा डावा हात पाठीमागे बांधून लिहायला लावायच्या. ती गोष्ट तो नेहमी विनोद करून सांगतो. आज त्याने विनोद केला नाही. म्हणाला, "माझा ननने बांधला होता. तुझा कुणी बांधला?"

मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, "कुणी नाही, डेडो. माझ्याच लक्षात आलं नाही."

त्याला ते पटलं नाही. पण त्याने पास्काच्या गोड पावाचा मोठा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला आणि विषय बदलला. तुझ्यासाठी बोललेलं माझं हे शेवटचं खोटं.

मार्टा


शुक्रवार, ६ मे

डेनी,

आई म्हणाली, तू उद्या येतो आहेस. मदर्स डेला थांबणार, रविवारी संध्याकाळी पिट्सबर्गला कार्यक्रम, आणि 'गिटार जाता जाता घेऊन जातो, मार्टाशी मी बोलतो'. आईने हे मला फार आनंदाने सांगितलं. तू बोलशील म्हणजे तू हसशील, मला 'प्रोफेसर' म्हणशील, हातमोज्यांची आठवण काढशील, आणि मी गिटार पुढे करीन. हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

म्हणून उद्या मी घरी नसेन. किल्ली मिसेस पेट्रोंकडे आहे. तुला बघून त्या खूश होतील, त्यांना वाटतं झाडूच्या भीतीने तू तो अ‍ॅम्प नेलास. वर ये. गिटार खिडकीपाशी स्टँडवर आहे, हे पत्र तिच्या पट्ट्यात अडकवलेलं आहे. म्हणजे एवढं वाचलंस तोवर तू ती उचलली असशील.

शेजारी स्टुलावर पावाच्या डब्याएवढा एक अ‍ॅम्प दिसेल. तो मी निवडला. वार्गोंच्या दुकानात पुन्हा चार-पाच जण बसलेले होते. मी सगळ्यांसमोर स्टुलावर बसले आणि येत असलेला एकच सूर वाजवला, प्रत्येक अ‍ॅम्पवर तोच, अगदी बारीक आवाजात. एक जण म्हणाला, "बाई, दुसरं काही येतं का?" मी म्हटलं, "नाही, म्हणून तर घ्यायला आलेय." वार्गो मला मोठा दाखवायला निघाले होते. मी म्हटलं, "मला माझ्या स्वयंपाकघरात वाजणारा हवा." ते अर्ध्यातून परत आले. मोठा अ‍ॅम्प तुझ्याकडेच ठेव. माझ्या खोलीत त्याला कधी तोंड उघडता आलं नाही, आणि तो परत आला तर मिसेस पेट्रो घर बदलतील.

तू अजून त्या दिवसाबद्दल काही लिहिलेलं नाहीस. पहिल्या पत्रातला माझा प्रश्न तसाच आहे. घरून निघताना ठरवलं होतंस की त्या हिरवीकडे बघून? पूर्वी वाटायचं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला पुढे काही करता येणार नाही. आता मी त्याची वाट बघत नाही. तुला ते सापडलं तर लिही. मी वाचेन.

आता पट्टा गळ्यात घाल. तोकडा वाटेल, मी माझ्या मापाचा केला आहे. शिवाय तो अडकवायची खुंटी तुला नेहमीच्या जागी सापडणार नाही. ती मानेजवळच्या दुसऱ्या टोकदार शिंगावर आहे. लाकडात नवं भोक मी पाडलं, वार्गोंचं ड्रिल घेऊन. पहिलंच म्हणून किंचित तिरकं गेलं आहे. जुन्या जागी भोक तसंच आहे, बुजवलं नाही.

मानेच्या टोकाला खाचांची हाडाची पट्टी असते ना, तारा ज्यातून जातात ती? ती वार्गोंनी नवीन घासून बसवली. जाड तारेची खाच आता दुसऱ्या टोकाला आहे. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मीही आग्रह केला नाही. तारा मी स्वतः चढवल्या. तू नेहमीसारखी धरलीस तर तुझ्या अंगठ्याला जिथे जाड तार लागायला हवी तिथे बारीक लागेल, आणि तुझी बोटं, ज्यांना सगळं येतं, ती काही क्षण माझ्यासारखी होतील. वाट चुकतील. तू हुशार आहेस, पुन्हा उलट करून घेऊ शकशील. वार्गो ओळखीचे आहेत. फक्त त्यासाठी तुला मला विचारावं लागेल, आणि मी नाही म्हणेन.

आईला मी सांगितलं नाही. तू सांग. रविवारी जेवताना सांग, सगळ्यांसमोर, म्हणजे हसायला जागा राहणार नाही. मी असेन जेवायला. तुझ्या डावीकडे नाही, समोर.

उद्या दुपारी मी डेडोकडे आहे. तीनपैकी दोन सूर बसले आहेत, तिसऱ्याला करंगळी पोचत नाही. तिथे आजीची जुनी साधी गिटार आहे, मी उलटी धरून वाजवते.

काळी गिटार मी बुधवारीच डावखुरी करून घेतली. तुला वाटेल, आता रंगही बदलेन. नाही बदलला. रंगाचं मला कधी काही नव्हतंच.

मार्टा